वाशीत बर्फ पाडणारा फळा

अरुणाबाईंनी तो नवस केला तेव्हा मी दुकानात ताग्यात गुंडाळलेला होतो. "प्रभू, एक लेकरू दे. त्याचं पहिलं वाचन मी माझ्या हातानं करून घेईन, तुझ्याच गोष्टींतून. मग ते शाळेचं." एवढंच मागणं. वरून अजून हो-नाही काही कळलेलं नव्हतं, तरी बाई बाजारात गेल्या आणि बाळासाठी आकाशी फ्लॅनेल घेऊन आल्या. ते फ्लॅनेल म्हणजे मी. बाळाच्या आधी मी जन्मलो. विश्वास म्हणतात तो हाच असावा. शेजारणींनी त्याला दुसरा शब्द वापरला, पण त्या मंडळींच्या तोंडी लागू नये.

तर मी एक फळा बोलतोय. खडूचा नव्हे. स्मिता जन्मली, तिला माझ्यात गुंडाळलं गेलं, आणि त्या काळात मी जे सोसलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पुढे धुऊन, वाळवून मला प्लायवूडच्या तुकड्यावर ताणलं. तुकडा कंपनीतून विलासनं आणला. विलास म्हणजे स्मिताचे पप्पा. रविवारच्या शाळेत असे फळे असतात: कागदी चित्राच्या पाठीला फ्लॅनेलचा तुकडा चिकटवायचा आणि चित्र माझ्यावर ठेवायचं. खिळा नको, डिंक नको. मी धरून ठेवतो.

वाशीच्या त्या नव्या वसाहतीत इमारती आधी आल्या, बाकी सगळं मागाहून येणार होतं. चांगली शाळा मागाहून, दवाखाना मागाहून. डास तेवढे वेळेवर हजर होते.

शाळेच्या प्रश्नावर विलासच्या थोरल्या बहिणीकडे, वैजयंतीबाईंकडे, तोडगा तयार होता. त्या ठाण्याला कॉन्व्हेंटात शिकवायच्या आणि घरी आल्या तरी वर्गातच आल्यासारख्या यायच्या.

"स्मिताला माझ्याकडे ठेवा. रविवारी येऊन भेटत जा. पाच वर्षांची घोडी झाली, अजून अक्षर ओळखत नाही."

"वन्सं, मी घरी शिकवणार आहे तिला."

"तू? आणि कशातून?"

विलास हा मधला मार्ग काढणारा माणूस. मधला मार्ग म्हणजे दोन्ही बायकांनी आपल्याशी बोलणं चालू ठेवावं. तो म्हणाला, "ईस्टरपर्यंत बघू. तोवर वाचायला लागली तर राहील इथं. नाहीतर ताईबरोबर जाईल."

अरुणाबाईंनी पोरीला इतकं घट्ट धरलं की ती "आई, टोचतंय" म्हणाली.

मग पुस्तकं निवडणं सुरू झालं. भक्तिमान माणसांना हा उद्योग फार आवडतो, कारण निवडून होईपर्यंत शिकवावं लागत नाही. पलंगावर ढीग पडला. नगरच्या मिशनच्या दुकानातली अंकलिपी, वन्संचे इंग्रजी धडे, कुणी दिलेली मराठी भक्तिगीतं. प्रत्येक पुस्तक उघडून अरुणाबाई आधी प्रार्थना करत आणि मग पुढचं उघडत. स्मिता ढिगाच्या मागे लपून "मी कुठाय?" खेळत बसे.

तेवढ्यात आलं खोकं. नगरच्या मडमसाहेब मायदेशी परतताना चर्चच्या पाळकांच्या पत्नीकडे, जयमालाबाईंकडे, ते ठेवून गेल्या होत्या. आत घरीच शाळा चालवण्याचा आख्खा विलायती अभ्यासक्रम! रोज कोणतं पान, कोणती प्रार्थना, आई कोणत्या शब्दाला हसेल, सगळं छापलेलं. सोबत माझ्यावर लावायची रंगीत चित्रं. त्यांतली माणसं इतकी गोरी होती की माझ्यावर डाग पडल्यासारखी दिसत. सोनेरी केसांचा मेंढपाळ तर आयुष्यात कधी उन्हात गेलेला नव्हता.

"प्रार्थनेनं पाठवलेलं आहे गं," जयमालाबाई म्हणाल्या. "एक पान गाळू नकोस."

अरुणाबाई असल्या बाबतीत फार पक्क्या. नवसाच्या कामात काटछाट करायची म्हणजे काय? त्यांनी पान गाळलं नाही. एका पानावर होतं: खिडकीतून बाहेर पाहा, बर्फ पडला आहे, त्याबद्दल देवाचे आभार माना.

खिडकीबाहेर मोकळा प्लॉट, त्यात दोन म्हशी आणि खाडीकडून येणारा गरम वारा. अरुणाबाईंनी घाम पुसला, कापूस पिंजला आणि माझ्यावर बर्फ पाडला. नव्या मुंबईच्या विकासात एवढी भर माझीच.

स्मितानं डोळे मिटले. "प्रभू, बर्फाबद्दल तुझे आभार. पण त्यावर लाल पाणी घालायला विसरू नको. आमेन."

"गोळ्याचा बर्फ नाही गं तो!"

"मग कशाचा?"

आईला ते पुस्तकात सापडेना.

तरी पोर पटापट वाचू लागली. धुराडं, घसरगाडी, पानगळीचं झाड, सगळं इंग्रजीत. जयमालाबाई येऊन ऐकून गेल्या आणि त्यांनी चर्चमध्ये उभं राहून देवाच्या या कृपेची साक्षही दिली. विलास ऑफिसात सांगून आला. मला एकच शंका होती. पण फळ्याला कोण विचारतो? एका दुपारी अरुणाबाईंनी घाईत पुस्तक उलटं धरलं. स्मिता तशीच घडाघडा वाचत राहिली. पानही तेच नव्हतं.

अरुणाबाई स्वयंपाकघरात गेल्या. स्टोव्ह पेटलेला नव्हता, तरी डोळे चुरचुरल्यासारखे पदरानं पुसत राहिल्या. मग मला ऐकू आलं, "प्रभू, ईस्टर आला रे. पोर जाईल आता." मग पदर खोचून, "पण मी नवस केला तेव्हा तू पुस्तकाचं नाव विचारलं नव्हतंस."

असं देवाशी बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. बहुधा त्यांनाही नसावं.

खोकं माळ्यावर गेलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या गेल्या, पाठीला माझ्याच काठाची कात्रणं लागली, आणि पट्ट्यांवर ठळक मराठी शब्द आले. गोष्ट प्रभूनंच सांगितलेली, हरवलेल्या मेंढराची. मेंढपाळ बाईंनी स्वतः काढला, काळासावळा, डोक्याला मुंडासं. मेंढराच्या अंगावर माझ्यावरचाच बर्फ सोलून चिकटवला. मूळ गोष्टीत मेंढराची आई नाही. ती अरुणाबाईंनी घातली. कुणाला हरकत असल्याचं कळलं नाही.

आता पान ठरलेलं नव्हतं. स्मिता मांडीवर बसून एकेक पट्टी उचले, बोट फिरवी, अडे, चिडे, पट्टी फेकी आणि पुन्हा आणी. कुणी साक्ष द्यावी असं त्यात काही नव्हतं.

ईस्टरला वैजयंतीबाई आल्या त्या पोरीसाठी नवी पत्र्याची पेटी घेऊनच. निकाल आधी लावून मग परीक्षा घेण्याची त्यांची पद्धत. इंग्रजी धडा पुढे केला. स्मिता वेणीचं टोक चोखत राहिली.

"बघितलंस, विलास?"

विलासनं पंख्याकडे बघितलं.

तेवढ्यात स्मितानं आत्याचा पदर ओढून तिला माझ्यापुढे आणलं आणि बोट ठेवून वाचलं, "मेंढरू घरी नाही. मेंढपाळ शोधतो."

"पाठ करून घेतलंय," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पट्ट्या उपटल्या आणि उलटसुलट लावल्या. "हं, वाच आता."

"मेंढपाळ घरी नाही." पोर खुदकन हसली. "बाजारात गेला असेल."

वन्सं पुढची पट्टी शोधत होत्या. त्यांच्याआधी स्मितानं हात घातला. एक पट्टी लावली, दुसरी लावली, तिसरीला थोडं थांबून लावली. वैजयंतीबाईंनी सवयीनं मोठ्यानं वाचलं, "मेंढरू आईजवळ राहणार."

अरुणाबाईंनी दाराची चौकट धरली होती. त्या तीन पट्ट्या माझ्यावर होत्या. आयुष्यात एवढं घट्ट मी काही धरलेलं नाही.

वन्संनी शेवटची पट्टी जराशी तिरपी होती ती सरळ केली. "काना-मात्रा स्वच्छ ओळखते," त्या म्हणाल्या. मग, "पेटी राहू दे इथंच. पुस्तकं ठेवायला होईल." आणि निघताना चपला घालत, खालच्या आवाजात, "अरुणा, हे फ्लॅनेल कुठल्या दुकानातलं गं?"

आता शाळाही आल्या वाशीत. स्मिता मोठी झाली, इंग्रजी वाचते, उलटं धरून नाही. मी माळ्यावर आहे, त्या विलायती खोक्याला टेकून. कोपऱ्यात कसर लागली आहे आणि अंगावर कापसाचा एक पुंजका राहिला आहे. तो बर्फ की मेंढरू, ते मला सांगता येणार नाही. वसाहतीतल्या नव्या सुना अरुणाबाईंकडे येतात, "काकू, मुलांसाठी कोणतं पुस्तक चांगलं?" बाई आधी स्टुलावर चढून मला खाली काढतात. मग लेकरू कुणाच्या मांडीवर बसणार ते विचारतात.

तुमच्या घरातही कुणी अक्षरं शिकायच्या वयाचं असेल, तर तुम्हीही देवाला असा एक शब्द देऊन टाका. पुस्तक कोणतं ते मागाहून बघता येईल. बाळाचं जुनं फ्लॅनेल तेवढं टाकून देऊ नका.