तिसरी पायरी

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, साक्षीच्या वेळेत, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरलेल्या ख्रिस्ती मंडळीसमोर बारा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की आमची आई आम्हाला शिकवत नाही.

आवाज स्पष्ट होता. उभे राहून, घाई न करता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असे बोलायला तिला घरी शिकवले होते. आईनेच शिकवले होते. थंडी संपल्यापासून आई रोज सकाळी एकच धडा वाचते, सांगाड्याचा, असे तिने सांगितले. मी आईशी एकटी बोलले, मग भावाला घेऊन बोलले, आता मंडळीला सांगते आहे. एवढे बोलून ती बसली.

साक्षीची वेळ म्हणजे आठवड्याभरात देवाने आपल्यासाठी काय केले ते उठून सांगायची वेळ. कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाच्या हरवलेल्या किल्ल्या सापडलेल्या असतात. प्रत्येक साक्षीनंतर मंडळी आमेन म्हणते. या वेळीही मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सवयीने आमेन म्हटले. आपण एकटेच बोललो हे लक्षात आल्यावर ते चष्मा पुसत बसले.

मुलीचे वडील लिफ्टचे मेकॅनिक. रविवारी ते हॉलमधला माइक आणि स्पीकर सांभाळतात. उठावे की बसून राहावे हे त्यांना सुचेना, त्यांचा हात बटणावर तसाच राहिला. आई दुसऱ्या रांगेत, धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. सगळे आपल्याकडे बघत आहेत हे तिला दिसत होते.

"खरं आहे ते," ती म्हणाली.

पाळकांनी पुढचे गाणे घ्यायला सांगितले. गाणे झाले.

या घरातली मुले शाळेत जात नाहीत. थोरली शाळेच्या वयाची झाली तेव्हाच आईवडिलांनी ठरवले होते की ज्याने मुले दिली त्याने ती वाढवायचे कामही आपल्यालाच दिले आहे, आणि मुलांच्या दिवसाची सुरुवात घंटेने नाही, प्रार्थनेने व्हावी. रोज आठ वाजता स्वयंपाकघरातले टेबल ओल्या फडक्याने पुसले जाते. धाकटीपासून सुरू करून एकेक जण प्रार्थना करतो. मग बायबलमधले वचन, मग तिघांना मिळून एक धडा आई मोठ्याने वाचते, आणि त्यानंतर ज्याची त्याची गणिते. शिक्षण खात्याचा अधिकारी वर्षातून एकदा येऊन मुलांचा अभ्यास तपासतो. मागच्या वर्षी तो दोन कप चहा प्यायला आणि आपला मुलगा एका जागी बसावा म्हणून काय करावे, हे आईला विचारून गेला.

घरातला एक नियम वडिलांचा. पाठीमागे बोलायचे नाही. कोणाविषयी तक्रार असेल तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचे. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगायचे. हे शुभवर्तमानातच आहे. एकदा रात्रीच्या जेवणात त्यांनी मिठाची बाटली, दोन चमचे आणि सगळी ताटे मांडून या तीन पायऱ्या मुलांना समजावल्या होत्या. तेव्हापासून थोरली भावाची कागाळी घेऊन आली की ते एवढेच विचारत, "एकटीने बोललीस का त्याच्याशी?" ती नियमावर बोट ठेवून इतका वाद घाले की त्यांनी तिचे नाव वकीलबाई ठेवले. बहुतेक भांडणे पहिल्या पायरीवरच मरत. तिसऱ्या पायरीवर घरातले कोणी कधी चढलेच नव्हते, आणि ती पायरी आहे हे मोठी माणसे जवळजवळ विसरून गेली होती.

सांगाड्याचा धडा पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा तो चांगला वाचला गेला, असे थोरली सांगते. आईने स्वतःच्या कोपरावर बोट ठेवून हाडे दाखवली. दुसऱ्या दिवशी तिने तोच धडा उघडला तेव्हा उजळणी असेल असे मुलांना वाटले. तिसऱ्या दिवशी तिने हाडे दाखवली नाहीत, नुसते वाचले. पुढेही तेच. वाचून झाले की ती पुस्तक मिटायची आणि गणिते काढा म्हणायची. गणिते तपासायची नाही. प्रार्थनेत तिची पाळी सगळ्यांत शेवटी. तिथे ती फक्त आमेन म्हणू लागली.

मोठ्यांच्या हे लक्षात कसे आले नाही, असे आता सगळे एकमेकांना विचारतात. उत्तर अवघड नाही. पाच वर्षांच्या धाकटीला सगळी हाडे पाठ झाली. उपासनेनंतर चहाच्या वेळी ती खुर्चीवर चढून जत्रुक, उरोस्थी, ऊर्वस्थी म्हणायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. पाळकांनी एकदा गुडघा पुढे करून विचारले, हे काय? जान्वस्थी, ती म्हणाली. पाळक आईला म्हणाले की धन्य आहे तुमची. आई हसली. ती हसली हे सगळ्यांना आठवते.

घरी वडील जेवताना रोज विचारत, आज काय शिकलात. मधला नऊ वर्षांचा. ऐकलेले जसेच्या तसे म्हणून दाखवतो म्हणून त्याला पोपट म्हणतात. तो सांगायचा, हाडे. काही दिवसांनी वडिलांनी विचारले होते की अजून हाडेच चालू आहेत का.

"माणसात खूप हाडं असतात, बाबा," पोपट म्हणाला होता.

वडील हसले होते आणि त्यांनी भाजी वाढून घेतली होती.

थोरली पहिल्यांदा आईकडे गेली ती दुपारी, आई कपड्यांच्या घड्या घालत असताना. दार लावून तिने सांगितले की आपण रोज तोच धडा वाचतो. आई म्हणाली, हो का, उद्या पुढचा घेऊ. दुसऱ्या दिवशी सांगाडाच निघाला. थोरलीने काही दिवस वाट पाहिली आणि मग पोपटला बरोबर घेतले. आईने दोघांचे ऐकून घेतले, पोपटच्या शर्टाचे तुटलेले बटण बघितले आणि तेच उत्तर दिले. बटण तिने त्याच दिवशी लावले.

उपासना संपल्यावर पाळकांनी आईवडिलांना लहान मुलांच्या वर्गाच्या खोलीत नेले. तिथे बसायला बुटक्या खुर्च्या होत्या, त्यामुळे पाळकांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. त्यांनी सावकाश विचारले की घरात कोणी आजारी आहे का, कोणी गेले का, दोघांत काही झाले का. तिन्हींना आईने नाही म्हटले. सांगण्यासारखे काही कारण असते तर खोलीतल्या सगळ्यांना बरे वाटले असते.

"मला काहीच होत नाहीये," ती म्हणाली. "तेच झालंय. गाणी ऐकते, काही होत नाही. मुलांकडे बघते, काही होत नाही. नवा धडा वाचायचा तर आधी समजून घ्यावा लागतो. हा वाचताना समजून घ्यावं लागत नाही."

वडिलांनी विचारले की मला का नाही सांगितलेस.

"तू प्रार्थना केली असतीस. मग मला आमेन म्हणावं लागलं असतं."

 प्रार्थना करू या, असे म्हणायची ही पाळकांची नेहमीची जागा होती. या वेळी त्यांनी डॉक्टरांचे नाव सांगितले, मंडळीतल्या बायका आळीपाळीने शिकवायला येतील असे सांगितले आणि उठताना खुर्चीत अडकले.

आईने एवढेच मागितले की टेबल काढून घेऊ नका. "त्यासाठी तरी सकाळी उठते," ती म्हणाली.

घरी आल्यावर वडिलांनी थोरलीला जिन्यात बसवून विचारले की तू सरळ माझ्याकडे का आली नाहीस. उत्तर तिच्याजवळ तयार होते. तुमच्याकडे आले असते तर ते पाठीमागे बोलणे झाले असते. मग पोपटला कसे सांगितलेस? त्याला सांगावे लागले नाही, तो टेबलाशीच बसलेला असतो. वडिलांनी थोडा वेळ कठड्याच्या लोखंडावरून बोट फिरवले. चूक शोधायची म्हटली तर त्यांना ती सापडत नव्हती.

"मला वाटलं मंडळीला सांगितलं की होतं," ती म्हणाली.

"काय होतं?"

"बरं होतं."

मग तिने दुसरे विचारले, आणि त्यासाठीच ती इतका वेळ थांबली होती असे वडिलांना वाटते. त्या वचनात तिसऱ्या पायरीनंतर अजून एक वाक्य आहे. मंडळीचेही ऐकले नाही तर त्या माणसाला परका समजायचे. मिठाची बाटली आणि चमचे मांडले त्या दिवशी वडिलांनी ते वाचले नव्हते. तिने नंतर स्वतः वाचले होते.

"ते आईसाठी नाही," वडील म्हणाले.

"मग कोणासाठी आहे?"

 आज रविवार आहे, आईने मंडळीचे ऐकले नाही असे अजून झालेले नाही, एवढेच वडील म्हणाले. थोरलीने मान हलवली. मुदत किती, हे तिने विचारले नाही.

संध्याकाळी आत्या आली. वडिलांची ही थोरली बहीण एका शाळेत शिकवते, आणि मुलांना घरी शिकवायचे हे तिला पहिल्या दिवसापासून पटलेले नाही. बातमी तिच्यापर्यंत चहाच्या आधी पोचली होती. चप्पल काढता काढता ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमच्या वकीलबाईने भर मंडळीत उघडून दाखवली." कोणी हसले नाही तेव्हा तिने आवाज खाली घेतला. वहिनी हाडाची शिक्षिका आहे, ती अशी हाडांतच अडकेल असे वाटले नव्हते, असेही ती म्हणाली आणि मग स्वतःच डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. तिथे वहिनी भांडी घासत होती. आत्याने फडके घेतले आणि ती विसळलेली ताटे पुसत राहिली. 

आत्याचे म्हणणे सरळ होते. मुलांना उद्यापासून शाळेत घालावे. तिच्या मुख्याध्यापिका निदान वर्गात बसायला तरी नाही म्हणणार नाहीत. वहिनीला डॉक्टरकडे न्यावे. खात्याचा अधिकारी यायच्या आत हे झाले तर बरे, तो आला आणि मुलांना हाडांपलीकडे काही सांगता आले नाही तर पुढचे कोणाच्या हातात राहणार नाही. वडिलांना हे सगळे मान्य होते. एकच गोष्ट त्यांना सुटत नव्हती, आणि ती त्यांनी बहिणीला दोनदा सांगितली. मुले गेली तर त्यांची आई सकाळी उठणार कशाला?

"आणि राहिली तर शिकणार काय?" आत्याने विचारले.

रात्री जेवणाआधी वडिलांनी प्रार्थना केली. ती नेहमीपेक्षा लहान होती. शेवटी आमेन कोणी कोणी म्हटले, हे बघायला त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मुले झोपायला गेल्यावर त्यांनी बायकोला ठरलेले सांगितले. मधला आणि धाकटी आत्याबरोबर शाळेत जातील, थोरलीही जाईल, डॉक्टरकडे जायचे त्या दिवसापर्यंत तरी. हे कायमचे नाही. तिने ऐकून घेतले.

"धाकटीलाही?" तिने विचारले. हो म्हटल्यावर तिने धाकटीचे मोजे सकाळसाठी काढून ठेवले.

सोमवारी सकाळी आठ वाजता आई उठली होती. टेबल पुसलेले होते. आत्या न्यायला आली होती, मुलांनी उभ्या उभ्या दूध संपवले. धाकटीला शाळेत हाडे म्हणून दाखवायची होती, तिला कधी एकदा जाते असे झाले होते. पोपटने आत्याला विचारले की शाळेत मधल्या सुट्टीत घरी जाता येते का. आत्या म्हणाली, नाही. त्याने पुन्हा विचारले नाही.

थोरली बूट न घालता दारात उभी होती. आपण जाणार नाही, असे तिने वडिलांना सांगितले. वडिलांनी नाही म्हटले. तिने वाद घातला नाही, आणि वडील सांगतात की त्यामुळेच ते घाबरले. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लावून घेतले. आत्या घड्याळ बघत राहिली. आत काय बोलणे झाले ते दोघींपैकी कोणीही अजून सांगितलेले नाही. बाहेर आवाज आला नाही, रडण्याचाही नाही.

पावणेनऊच्या सुमारास थोरलीने दार उघडले आणि तुम्ही निघा असे आत्याला सांगितले. आत्याने भावाकडे पाहिले. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ती दोघांना घेऊन गेली.

डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. आई जाईन म्हणाली आहे. वडिलांनी कामावर उशिरा येतो असे कळवले असून ते अजून घरातच आहेत. थोरली टेबलाच्या एका बाजूला बसली आहे, आई समोर. पुस्तक दोघींच्या मध्ये आहे आणि साडेनऊपर्यंत ते कोणी उघडलेले नाही.