दीड गोळीची खूण

मी एका पायावर उभी राहून अख्ख्या वस्तीचे जंत हाकलले, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! मित्रांनो, मी एक जुनी मापाची काठी आहे. दाराची चौकट करून उरलेल्या लाकडातून सुताराने मला घडवलं आणि दवाखान्यातल्या नर्सताईने टेपने मोजून माझ्यावर रंगीत पट्टे ओढले. डोकं ज्या पट्ट्याला लागेल, त्यावर लिहिल्यात तितक्या गोळ्या. सगळ्यात खालची खूण दीड गोळीची.

वस्तीत तेव्हा नळ नव्हता. भांडी, कपडे, आंघोळ, सगळं कालव्यावर. त्या पाण्यातले बारीक जंत कातडीतून अंगात शिरत आणि मुलांना वाढू देत नसत. वर्षातून एकदा ताई मला भिंतीला टेकवायची आणि रांग लागायची. गोळ्या कडूजहर, म्हणून कमी मिळाव्यात यासाठी मोठी माणसंसुद्धा गुडघे वाकवून बुटकी व्हायची. मग ताई म्हणायची,

"काका, सरळ उभे राहा. लग्नाच्या फोटोत तर चांगले ताठ आहात!"

मला आजवर कोणी फसवलेलं नाही.

एकदा धोबिणीची नात आली. तिला सगळे ठेंगू म्हणत. वय आठ, पण डोकं जेमतेम दीड गोळीपाशी. चेहरा पांढराफटक, चार पावलांत धाप. तरी आजी तिला हाताला धरून परत नेऊ लागली.

"नको बाई. रिकाम्या पोटी गोळी घेतली की पोरगी ओकते. सकाळपासून चूल पेटलेली नाही आमची."

"अहो आजी, मग आधी सांगायचं ना!" ताईने स्वतःचा डबा उघडला. "खा गं, सगळा संपव. मला तसंही बारीक व्हायचंय."

ठेंगूने डबा चाटूनपुसून साफ केला आणि मग दीड गोळी गिळली. पुढच्या वर्षापासून रांगेत सगळ्यांनाच आधी जेवण मिळू लागलं. मागाहून नळही आला.

आता वर्षभर मी कोपऱ्यात पडून असते. कोणी माझ्याने जळमटं काढतं. मित्रांनो, असं करू नका. माझे पट्टे खरवडले, तर गोळ्या चुकतील. आणि जंत कमी झाले म्हणून कालव्यात उड्या मारू नका. ते टपलेलेच असतात.

पण माझा खरा पराक्रम पुढेच आहे. ठेंगूला वर्षावर्षाला वाढताना बघून मला असा काही आनंद झाला, की मीसुद्धा वाढले! चांगली वीतभर!

"थापा!" रांगेतून ठेंगूच ओरडली. "तू वाढली असतीस, तर खुणाही वर गेल्या असत्या. मग मी दीडवरून तीन गोळ्यांवर कशी आले? तू होतीस तेवढीच आहेस. वाढले ती मी!"