पायरीवरची मोजणी

टाचणीचं डोकं निळं होतं — निळं म्हणजे कोरडं, हे कुणी ठरवलं कोण जाणे — आणि तिच्या कचेरीतल्या खाडीकाठच्या नकाशावर ती टाचणी नेमकी तिच्या स्वतःच्या माहेरच्या घरावर टोचलेली. आजूबाजूला सगळ्या लाल. समुद्र चढत गेला की पुढेमागे जी घरं पाण्यात जाणार, ती लाल; ती हलवायची, त्यांच्या मागून बांध घालायचा.

"तुमच्या आईचं घर म्हणजे बेटच निघालं की, ताई," मोजणीदार म्हणाला. "नशीब काढलंत."

जमिनीची उंची मोजायची पट्टी कुठे उभी केली होती, तिनं विचारलं.

"दारात, पायरीवर. गल्लीत चिखल होता ना."

पायरीवर... म्हणजे बाबांच्या पायरीवर. घरात पाणी शिरलं की ओसरल्यावर ते विटांचा एक थर चढवायचे. हात शिंप्याचा, गवंड्याचा नव्हे, त्यामुळे प्रत्येक थर थोडा तिरका — आई म्हणायची, "अहो, आता दाराला शिडीच लावा," आणि ते थापी धूत म्हणायचे, समुद्राशी भांडता येत नाही, पण त्याला दारात ताटकळत तर ठेवता येतं. गेल्या हिवाळ्यात त्यांना त्याच पायरीवरून खाली उतरवलं, तेव्हा खांदा देणाऱ्यांपैकी कुणीतरी अडखळलं होतं... जमीन मात्र होती तिथेच. शेजाऱ्यांइतकीच खोल.

आकडा दुरुस्त करणं तिच्याच हातात होतं. केला तर घर लाल होईल आणि आईला ते सोडावं लागेल. नाही केला तर आई तिथेच राहील, आणि पाणी येईल तेव्हा तिला न्यायला कुणी येणार नाही, कारण कागदावर ती कोरडी.

दुपारी तिनं फोन लावला. "आई, तिथून निघावं लागलं तर?"

"कशाला? यांनी एवढं उंच करून ठेवलंय ते काय शोभेला? तू जेवलीस का?"

जेवले, ती म्हणाली. जेवली नव्हती.

इतकी वर्षं ती त्या थर चढवण्याला बाबांचा हट्ट म्हणत आली, कौतुकानं, चारचौघांत किस्सा म्हणून सांगत — आणि आता खिडकीशी उभी असताना तिच्या मनात आलं की हट्टी माणूस एकदाच काय ते बांधतो. पुन्हा पुन्हा थर चढवतो तो घाबरलेला माणूस. बाबा घाबरले होते... प्रत्येक वेळी, थापी धुतानाही. त्यांच्या बाजूनं भांडावं असंच तिला आजवर वाटत आलं होतं; त्यांची समजूत काढावी असं कधी वाटलं नव्हतं. बाबा, पुरे आता, एवढंच म्हणायला हवं होतं कुणीतरी. तेच आता आईला म्हणायचं होतं; कसं, हे मात्र तिला अजून सुचत नव्हतं.