दुरुस्तीला जागा नाही

चिंगी सातवीत होती आणि शाळेच्या भित्तिपत्राची संपादक होती. जिन्यापाशी काचेच्या फळ्यात दर सोमवारी नवा अंक लागायचा. सुविचार आणि वाढदिवस, एवढंच. कुणी ढुंकूनही बघत नसे.

एका शनिवारी तिला ग्रंथपाल सर पिशवी भरून पुस्तकं घरी नेताना दिसले. "विकतात म्हणे," मैत्रीण म्हणाली. सोमवारी फळ्यात ठळक मथळा लागला: 'आपली पुस्तकं जातात कुठे?' खाली सरांचा हुद्दा, पिशवीचा रंग, सगळं. फळ्यासमोर ही झुंबड उडाली. मुख्याध्यापिका बाईंनी पाठ थोपटली. चिंगीचे पाय जमिनीवर नव्हते.

गुरुवारी ग्रंथालयाला कुलूप दिसलं. बाईंनी चौकशी न करताच सरांना घरी बसवलं होतं.

चिंगीची आत्या वर्तमानपत्रात बातमीदार होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना विचारलंस?"

"कुणाला?"

"ज्यांच्यावर लिहिलंस त्यांना. आम्हाला लिहू द्या म्हणून आम्ही भांडतो, ते याच भरवशावर, की लिहिण्याआधी विचारून येऊ."

चिंगी सरांच्या घरी गेली. खोलीत सुई-दोरा, खळ, आणि विटांखाली दाबून ठेवलेली शाळेची पुस्तकं. फाटलेली पुस्तकं सर घरी शिवून परत नेऊन ठेवत, कित्येक वर्षं. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"विचारलं असतंस तर दाखवलं असतं गं," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिनं दुरुस्ती लिहिली: 'आमची बातमी खोटी होती. सर पुस्तकं शिवायला नेत होते. चूक संपादकाची.' बाईंनी कागद वाचला आणि खणात टाकला.

"हे लावलं तर लोक म्हणतील, शाळेनं न विचारता माणूस काढला."

"पण बाई, तसंच झालंय ना."

"म्हणूनच नाही लावायचं."

"मग आधीची बातमी कशी चालली?"

"त्यात शाळेचं काही जात नव्हतं. जा वर्गात."

घरी येऊन तिनं आत्याला विचारलं, "तुमच्याकडेही असं होतं?"

"होतं."

"मग तू काय करतेस?"

"कधी भांडते," आत्या म्हणाली. "कधी गप्प घरी येऊन जेवते."

चिंगीनं दुरुस्तीच्या चाळीस प्रती हातानं लिहिल्या आणि शाळेच्या फाटकाशी वाटल्या. काहींनी वाचल्या, बऱ्याच जणांनी विमानं केली. दुसऱ्या दिवशी तिचं संपादकपद गेलं. भित्तिपत्रात पुन्हा सुविचार लागले. सरांना कुणी परत बोलावलं नाही.

महिनाभरानं ती आईबरोबर बाजारात गेली होती. पलीकडे सर भाजी घेत होते. शेजारची बाई आईच्या कानाशी लागली, "हेच ते, पुस्तकं विकणारे."

"काकू, ते खोटं होतं," चिंगी म्हणाली. "मीच लिहिलं होतं."

"असू दे गं," काकू म्हणाल्या, "काहीतरी असल्याशिवाय कुणी लिहितं का?"