कौसल्येनं लुटलेलं वाण

माझी सून अश्विनी मातीची भांडी घडवते. कुंभारीण म्हटलेलं तिला चालतं. सुरुवातीला आम्हालाच चालत नव्हतं. धारवाडात मळमड्डीतल्या आमच्या घराला गाडी नसलेलं गॅरेज आहे. तिथं तिचं चाक आणि विजेची भट्टी. तिचे पहिले कप इतके जड होते की आमचे हे दोन्ही हातांनी चहा प्यायचे. पुढं कप हलके झाले, तर त्यांचे कान निखळायला लागले. मग निळ्या ताटल्यांचा काळ आला. त्यांना काठच नव्हता, आमटीसारखं पातळ सारू थेट मांडीवर. हल्ली मात्र ती पांढऱ्या वाट्यांच्या मागं लागली होती. वरच्या झिलईत केसासारख्या बारीक भेगा, त्याही मुद्दाम पाडलेल्या.

रथसप्तमी झाली की बंगळूरच्या एका कलादालनाचे जयतीर्थ त्या बघायला येणार होते.

"या वेळी नाही म्हणाले तर चाक विकते, आई," अश्विनी म्हणाली. "दादाच्या टाइल्सच्या दुकानात बसते. तिथं भेगा पडल्या तर गिऱ्हाईक भांडायला तरी येतं."

संक्रांतीला ती माहेरी हुबळीला गेली. इकडं माझ्या धाकट्या जावेनं, कौसल्येनं, हळदीकुंकू मांडलं. वाणाचे प्लास्टिकचे डबे काही वेळेवर आले नाहीत. गॅरेजच्या फळीवर तीस वाट्या हारीनं मांडलेल्या दिसल्या, नक्षीही नाजूक. कौसल्येनं तीळगूळ घालून सगळ्या लुटल्या.

अश्विनी परतली ती रिकाम्या फळीसमोर उभी राहिली.

"काकू, वाट्या?"

"लुटल्या की. सगळ्यांनी नाव काढलं तुझं."

"परत आणा."

"दिलेलं वाण परत मागतात काय गं? कुठल्या तोंडानं जाऊ?"

अश्विनी खालीच बसली. मला आमच्या कमरीपेठेतल्या आत्या आठवल्या. आवडलेलं वाण त्या युक्तीनं फिरवून परत आणायच्या. मी म्हटलं, "रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. बायकांनी आपापल्या घरी मांडावं आणि तेच वाण हिला द्यावं. मागितलं असं होत नाही."

मग रोज संध्याकाळी अश्विनी साडी नेसून निघाली. एरवी वर्षभर ती मातीनं भरलेल्या पँटीत असते. कुणाच्या वाटीत मेथ्या भिजत होत्या, कुणाच्या वाटीत स्कूटरची किल्ली. बहुतेकींच्या मात्र देवापुढं हळद. वाट्या आल्या, पण भेगाभेगांत पिवळा रंग उतरलेला. घासून घासून अश्विनीची नखं झिजली, रंग हलेना.

जयतीर्थांनी एक वाटी उचलून उजेडात धरली. अश्विनी माझ्याकडं बघत होती.

"या रेषांत हा रंग कसा आणलात?"

"हळद आहे," ती कशीबशी म्हणाली.

"आमच्या घरात ती पद्धतच आहे," कौसल्या स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्यांनी होत्या तेवढ्या सगळ्या वाट्या निवडल्या. एकोणतीस. समोरच्या कुसुमअक्कांनी मात्र वाटी द्यायला कानडीत सरळ "इल्ल", नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांची कवळी रात्री त्या वाटीतच नीट बसते.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेत तिसाव्या वाटीपुढं छापलंय: खासगी संग्रह, धारवाड. कुसुमअक्कांनी ते पान भिंतीला लावलंय. अश्विनीनं या खेपेला साठ वाट्या केल्यात, आणि कौसल्या आतापासूनच बायका मोजतेय.