खोडलेला शब्द

दुभाषीबाईंनी आपणच लिहिलेला शब्द रेघ मारून खोडला, त्याच्या डोक्यावर दुसरा लिहिला आणि जबाबाचा कागद मिस्त्रींपुढे सरकवला.

"काका, खाली सही करा. आणि ही खाडाखोड आहे ना, तिच्याशेजारी एक छोटी."

मिस्त्रींनी पेन उचललं, पण ते कागदावर टेकेना. गेल्या महिन्यात त्यांच्या देखभालीतली लिफ्ट दोन मजले घसरली होती आणि एका बाईचा पाय मोडला होता. त्याच्या आठवडाभर आधी तपासणीला निरीक्षक आले, तर मिस्त्री सापडलेच नव्हते. त्याचीच ही चौकशी. समोर बसलेल्या चौकशी अधिकाऱ्याला फक्त इंग्रजी कळायचं.

"खोडलंत ते काय होतं, ताई?"

"मिस्त्री, सही करताय की सोयरीक जुळवताय?" भिंतीकडच्या खुर्चीतून मिस्त्रींच्या कंपनीचा मॅनेजर हसला. "उरका की!"

सही करणाऱ्याला शब्द न् शब्द समजावायचा, ही दुभाषीबाईंची शपथ. मिस्त्रींची रफू केलेली कॉलर पाहून हात मवाळ शब्दाकडे वळला होता, एवढंच.

"आता लिहिलंय 'अव्हॉइड'. म्हणजे समोरून माणूस येताना दिसला, आपण गल्ली बदलली. आधीचा होता 'इव्हेड'. म्हणजे त्यानं विचारलं, उत्तर देणं आपल्यावर होतं, आणि आपण हातावर तुरी देऊन निसटलो."

"आताच्यानं काय होईल?"

"ताकीद."

"आणि आधीच्यानं?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "परवाना जाईल."

सत्तावन्नाव्या वर्षी परवाना गेलेल्या मिस्त्रीला कोण दारात उभं करतं? मिस्त्रींनी पेन आडवं ठेवलं.

"निरीक्षकांनी तीन हाका मारल्या हो. मी गच्चीवर मशीनच्या खोलीत होतो, दाराला पाठ लावून. श्वाससुद्धा चोरून घेतला. मग गल्ली कुठं बदलली मी?"

"काका, ऐका माझं," बाई अगदी हळू म्हणाल्या, "आहे ते राहू द्या."

"माया केलीत, ताई. पण माझा शब्द तो खालचा."

बाईंनी दुसरी रेघ मारली आणि पहिला शब्द पुन्हा लिहिला. दोन खाडाखोडी, दोन छोट्या सह्या, खाली एक मोठी. मॅनेजरनं सुस्कारा सोडला आणि उठायला गुडघ्यांवर हात टेकले.

अधिकाऱ्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग मिटलेली फाइल उघडून त्यानं एकच वाक्य विचारलं.

बाई मिस्त्रींकडे वळल्या. "साहेब विचारतायत, निसटलात ते कुठल्या प्रश्नापासून?"

"हा आजचा विषयच नाही!" मॅनेजर म्हणाला.

अधिकाऱ्यानं न बघताच हात वर केला.

"लिफ्टचा तारेचा दोर झिजलाय का, हेच विचारणार होते ते," मिस्त्री म्हणाले. "झिजला होता. चार महिने आधीच नवा मागितला होता मी. मला म्हणाले, अजून चालतोय तोवर चालव, आणि कुणी विचारलं तर सापडू नकोस."

"कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न अधिकाऱ्याचा नव्हता.

मिस्त्रींनी मान वळवली नाही, आवाजही चढवला नाही. हातातल्या पेनाचं टोक तेवढं मॅनेजरकडे वळवलं.

बाई इंग्रजीत काही सांगणार, त्याआधीच अधिकाऱ्याची नजर भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन थांबली होती.