हरण्याचा फेटा

"जीव गेला तरी फेटा देनार न्हाई," म्हनत गुंडा दोन्ही हातांनी डोकं दाबून गोठ्याच्या मेढीला टेकला.

"जीव कोन मागतंय? त्यो काय उपेगाचा?" बनुबाई म्हनाली. "फेटा सोडा."

नवराबायकोचं भांडान हरण्या बैलापायी. जुवानं त्याची मान सोलली हुती. जरा खपली धरली की कावळा येऊन टोचायचा, आन येताना चार पावनं घिऊन यायचा. बैलांचा सन, बेंदूर, आला तोंडावर. वेशीत बांधल्याला कर, म्हंजी पानांचं तोरान, बैल पळवून तोडायचा मान गुंडाच्या घराला आज्ज्यापासनं. पर रगत गळनारा बैल कराला लावायचा न्हाई, ही गावची रीत. मग मान जायचा भावकीतल्या लालासाहेबाकडं.

गुंडानं इलाज का कमी केलं? हळद-गूळ लावला, त्यो जोडीच्या बैलानं चाटून वर ढेकर दिला. केळीचं पान बांधलं, ते शेळीनं खाल्लं. लढाईवरनं रजेवर आल्याल्या लालासाहेबानं पलटनीतला कापूस दिला, त्यो असा चिकाटला की निघताना खपली घिऊनच निघाला.

"चिकटंल ते नगं, चाटंल ते नगं," बनुबाई म्हनाली. "करंजाचं कडू त्याल, आन वर जुनं मऊ फडकं, सैल. वारं लागाय पायजे, चोच न्हाई."

"मग तुजं लुगडं फाड."

"आन मी काय नेसू, तुमचा फेटा? लढाईपायी कापडाला रेशन. घरात धड पोतेरं न्हाई. धुऊन धुऊन मऊ झाल्यालं तेवडंच हाय."

सुटला एकदाचा फेटा. गुंडा बोडक्या डोक्यानं पान्याला गेला, तर शेजारच्या साळूबाईनं तोंडाला पदर लावला.

"कोन गेलं रं बाबा?"

"फेटा गेला."

"वंगाळ झालं. किती वर्साचा हुता?"

बेंदरादिवशी हरण्या निघाला. मानंला फेटा, शेमला वाऱ्यावर. कावळ्यानं चोच मारली, कडू त्याल चाखलं, आन तवापासनं त्याच्या सात पिढ्या कृष्णा वलांडून इकडं आल्या न्हाईत. खोटं वाटलं तर जावा पल्याड, इचारा त्यास्नी.

वेशीत लालासाहेब आडवा. "खाली रगत असनार. सोडा फेटा."

गावचं म्हातारं आप्पासो पुढं झालं. गुंडानं डोळं मिटलं. आप्पासोनं फेटा उलगडून बघितलं.

"सुकलीया. खपली जाग्याव हाय."

हरण्या सुटला. कर तोडला तर तोडलाच, लालासाहेबाची पलटनीची टोपी शिंगावर घिऊन औंधाच्या वाटंला लागला, त्यो यमाईच्या डोंगराला वळसा घालूनच माघारी.

आप्पासोनं कर तोडनाऱ्याला द्यायचा मानाचा कोरा फेटा काढला. गुंडानं डोकं वाकवलं, तर मधी हरण्यानं मान घातली.

"आता कुनाला बांदू?"

"आवं, ह्यो खरखरीत हाय, खपलीला टोचंल," बनुबाई म्हनाली. "ह्यास्नीच बांदा. मऊ त्याला ऱ्हाऊ द्या."

गुंडा कडक फेटा बांधून गावभर मिरावला. दुसऱ्या दिशी तासगावच्या बाजाराला निघताना डोकं खाजवत गोठ्यात शिरला.

"घटकाभर दे की रं गड्या. सांच्याला आनून देतो."

हरण्यानं मान फिरवली.